शस्त्रक्रियेनंतरची प्रतिकारशक्ती : तिचा ऱ्हास आणि तिचे पुनरुज्जीवन

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि ज्येष्ठांचा सत्कार या दोन आनंददायक कार्यक्रमांच्या मध्ये आमच्या व्याख्यानास चिटणीसांनी जागा करून दिली, याबद्दल आम्ही प्रथम त्यांचे आभार मानतो. विषय काहीसा रूक्ष आहे. तथापि ज्या घरात आजवर एकही शस्त्रक्रिया झाली नाही, असे घर या सभागृहात क्वचितच सापडेल. कोणाचे आंत्रपुच्छ काढलेले असेल, कोणाच्या मातुःश्रींचे गर्भाशय, कोणाच्या वडिलांचा गुडघा बदललेला असेल, तर कोणाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया झालेली असेल. मंडळाच्या वैद्यकीय साहाय्यनिधीकडे येणारे अर्जही बहुतांशी याच कारणासाठी असतात. निधी शक्य तेवढी मदत करतो, रोगी घरी येतो, टाके निघतात आणि सर्वांना हायसे वाटते. आमचे म्हणणे एवढेच की, टाके निघाले म्हणजे शरीर पूर्ववत झाले, असा जो आपला समज आहे तो तपासून पाहावयास हवा. शस्त्रक्रियेने एक रोग दूर होतो. परंतु त्याच वेळी शरीराची रोगांशी झगडण्याची शक्ती काही काळ, आणि एका विशिष्ट शस्त्रक्रियेत तर जन्मभर, उणी होते. ती शक्ती पुन्हा कशी उभी करावी, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

आपल्याकडे ही दृष्टी अगदीच नवीन आहे असे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘व्रणितोपासनीय’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. व्रणी मनुष्याची खोली स्वच्छ व वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित असावी, तेथे मोहरी व निंबाच्या पानांची धुरी द्यावी, प्रिय मित्रांनी गोड गोष्टी सांगून त्याचे मन रमवावे, त्याने काय खावे व काय टाळावे, हे सर्व त्यात सांगितले आहे. जंतूंचे ज्ञान त्या काळी नव्हते. परंतु शस्त्र खाली ठेवल्यावर वैद्याचे कर्तव्य संपत नाही, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते. पुढे १८४६ साली बॉस्टन येथे ईथरच्या गुंगीचा जाहीर प्रयोग झाला आणि शस्त्रक्रिया वेदनारहित झाली. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक आम्लाच्या साह्याने जखमा निर्जंतुक राखण्याची आपली पद्धती प्रसिद्ध केली. या दोन शोधांनी शस्त्रक्रियेचे स्वरूप पालटले. पण लिस्टर यांचा लढा बाहेरून येणाऱ्या जंतूंशी होता. जंतू शिरले असता त्यांना तोंड देणारी आतली फौज कोणत्या स्थितीत आहे, हा प्रश्न विसाव्या शतकाने हाती घेतला.

आता ही आतली फौज शस्त्रक्रियेने का थकते, हे थोडक्यात पाहू. सुरी शल्यचिकित्सकाच्या हाती असो वा शत्रूच्या, शरीराला तो घावच असतो. घाव बसताच मेंदूकडून इशारा जातो आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल व अ‍ॅड्रेनलीन हे स्राव मोठ्या प्रमाणात सोडू लागतात. रक्तातील साखर वाढते, स्नायूंतील प्रथिने मोडून दुरुस्तीच्या कामी लावली जातात. जखमेच्या जागी दाह उत्पन्न होतो, आणि तो आवश्यकही असतो; पण दाह हाताबाहेर जाऊ नये म्हणून शरीर लगेच त्याला आवर घालणारी द्रव्येही निर्माण करते. हा आवर घालण्याच्या भरात बाकीचे संरक्षणही ढिले पडते. रक्तातील लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची संख्या घटते, रोगट पेशींचा नाश करणाऱ्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ मंदावतात, आणि जंतूची ओळख इतर पेशींना पटवून देणाऱ्या पेशींचे ते काम नीट होईनासे होते. गावात एका वाड्याला आग लागली म्हणजे सारे गाव तिकडे धावते आणि वेशीवर रखवालदार उरत नाही, तशीच ही अवस्था समजावी. ही दुर्बलता पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरते. शस्त्रक्रिया जितकी मोठी तितकी ती अधिक. दुर्बिणीने लहान छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियेत ती तुलनेने कमी. फुप्फुसाचा दाह, लघवीतील जंतुदोष, जखम पिकणे, हे उपद्रव नेमके याच दिवसांत का उद्भवतात, याचे उत्तर पुष्कळ अंशी यात आहे. कर्करोगाच्या रोग्याच्या बाबतीत तर शरीरात मागे राहिलेल्या एखाद-दुसऱ्या दुष्ट पेशीस या काळात मोकळे रान मिळते की काय, याचाही शास्त्रज्ञ कसून शोध घेत आहेत.

मग या शक्तीचे पुनरुज्जीवन कसे करावे? श्रोत्यांपैकी काहींच्या मनात लगेच एखाद्या टॉनिकच्या बाटलीचे नाव आले असेल. प्रतिकारशक्ती वाढविण्याची हमी देणाऱ्या चूर्णांची, गोळ्यांची व अर्कांची बाजारात मुळीच वाण नाही. परंतु शस्त्रक्रियेने ओसरलेली शक्ती एका बाटलीने भरून येते, असे सिद्ध झालेले नाही. उलट लसणीचा अर्क व गिंको यांसारख्या काही वनस्पतिजन्य औषधांनी रक्त गोठण्यात व्यत्यय येऊ शकतो. म्हणून घरी जे काही चालू असेल ते शल्यचिकित्सकास आधी सांगितलेच पाहिजे. पुनरुज्जीवनाचे खरे उपाय साधे आहेत आणि त्यांतील निम्मे शस्त्रक्रियेच्या आधी करावयाचे आहेत.

पहिला उपाय अन्न. १९३०च्या सुमारास ग्लासगो येथे डेव्हिड कथ्बर्टसन यांनी हाडे मोडलेल्या रोग्यांचे मूत्र तपासले, तेव्हा इजेनंतर शरीरातील प्रथिनांचा केवढा क्षय होतो हे दिसून आले. १९३६ साली अमेरिकेत हायरम स्टडली यांनी जठरव्रणासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन २० टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी सुमारे ३३ टक्के दगावले. ज्यांचे तितके घटले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ३.५ टक्के होते. शल्यचिकित्सकाचे कौशल्य तेच, रोगही तोच. फरक होता तो रोग्याच्या अंगच्या शिलकीत. प्रतिकारशक्तीच्या पेशी आणि जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे ही प्रथिनांनीच घडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ उलगडतो.

आपल्या घरातील पथ्य मात्र याच्या उलट दिशेने जाते. ‘डाळीने जखम पिकते’, ‘दुधाने पू होतो’, ‘अंडे उष्ण पडते’, अशा समजुतींपायी रोग्यास पंधरा-पंधरा दिवस पेज, साबुदाण्याची खीर आणि मुगाचे पाणी यांवर ठेवण्यात येते. या पदार्थांत पिष्ट आहे, पाणी आहे. प्रथिने फार थोडी आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दररोज दर किलो वजनामागे सुमारे दीड ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या मनुष्यास ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, आणि १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. हा हिशेब गृहिणींनी एकदा मांडून पाहावा. घट्ट वरण, दही, ताक, पनीर, भिजवलेली कडधान्ये, आणि ज्यांस चालत असेल त्यांस अंडी व मासळी, यांतून तो भरून काढणे अवघड नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे. तसेच, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न देण्याची जुनी रीत आता आवश्यक मानली जात नाही. एरवी निरोगी असलेल्या रोग्यास घन अन्न सहा तास आधीपर्यंत आणि स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. रोग्यागणिक भूलतज्ज्ञ सांगतील ते प्रमाण मानावे.

दुसरा उपाय रक्ताचा. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशी स्त्री शस्त्रक्रियेच्या मेजावर जाते तेव्हा तिला दुसऱ्याचे रक्त देण्याची पाळी लवकर येते. परके रक्त अनेकदा प्राणदायी ठरते. पण त्याचाही प्रतिकारशक्तीवर काहीसा दडपण आणणारा परिणाम होतो. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर आधी काही आठवडे लोहाचा उपचार करून तिचे स्वतःचे रक्त वाढविणे हे श्रेयस्कर.

तिसरे, साखर आणि तंबाखू. रक्तातील साखर चढलेली असली की जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी आळसावतात. म्हणून मधुमेही मनुष्याने, आणि स्वतःस मधुमेह नाही असे केवळ गृहीत धरणाऱ्यानेही, आधी तपासणी करून घ्यावी. विडी-सिगारेट शस्त्रक्रियेपूर्वी निदान चार आठवडे सोडली तर जखमेचे व फुप्फुसाचे उपद्रव कमी होतात. ज्यास ती कायमची सोडावयाची आहे त्यास याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही.

चौथे, ऊब, वेदनाशमन आणि हालचाल. १९९६ साली मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रोग्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया चालू असताना ज्यांचे अंग थंड पडू दिले गेले, त्यांपैकी १९ टक्के रोग्यांच्या जखमेत जंतुदोष झाला. ज्यांना उबदार ठेवले गेले त्यांपैकी ६ टक्के रोग्यांच्या. दोन अंश तापमानाच्या फरकाने एवढे अंतर पडले! डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९७ साली असे अनेक लहान लहान उपाय एका सूत्रात गुंफले. घावाचा इशारा मेंदूपर्यंत पोहोचू न देणारी भूल, पुरेसे वेदनाशमन, लवकर अन्न आणि लवकर चालणे यांनी शरीरावरील ताण घटतो व रोगी लवकर सुधारतो, असे त्यांनी दाखवून दिले. या पद्धतीचा आता जगभर प्रसार झाला आहे. तेव्हा ‘त्यांना उठवू नका, टाके तुटतील’ असे म्हणणाऱ्या आपल्या मावशी-आत्यांचा जिव्हाळा आदरणीय असला, तरी डॉक्टर उठा म्हणतील त्या दिवशी रोग्याने उठलेच पाहिजे.

पाचवी गोष्ट भेटीस येणाऱ्यांची. सुश्रुताने मित्रांच्या गोड गोष्टींचा उल्लेख केला आहे, सर्दी-खोकल्याचा नव्हे! शस्त्रक्रिया झाली की ज्ञातीतील पंचवीस मंडळी समाचारास गेलीच पाहिजेत, नाही तर लोक काय म्हणतील, ही आपली रीत प्रेमाची आहे. पण नेमक्या वेशी उघड्या असलेल्या दिवसांत ती रोग्यास बाधू शकते. ज्यास ताप, खोकला वा जुलाब असतील त्याने जाऊ नये. जाणाऱ्याने हात धुऊन जावे, थोडा वेळ बसावे आणि रोग्याच्या झोपेची वेळ टाळावी. झोप हेही प्रतिकारशक्तीचे अन्नच आहे.

आतापर्यंत आम्ही तात्पुरत्या दुर्बलतेविषयी बोललो. आता ज्या एका शस्त्रक्रियेत ही दुर्बलता जन्मभर राहते, तिच्याकडे वळतो. आणि येथे श्रोत्यांनी विशेष लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. ही शस्त्रक्रिया म्हणजे प्लीहा, म्हणजे आपण जिला पानथरी म्हणतो ती, काढून टाकणे. डाव्या बरगड्यांखाली मुठीएवढे, सुमारे १५० ग्रॅम वजनाचे हे इंद्रिय असते. अपघातात ते फाटले, थॅलेसीमियासारख्या रक्तविकारात ते फार वाढले, किंवा काही विकारांत ते रक्तकणांचा अतोनात नाश करू लागले, म्हणजे ते काढावे लागते. मनुष्य त्यावाचून जगू शकतो. म्हणून दीर्घकाळ ते जवळजवळ निरुपयोगी मानले जाई.

१९५२ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील किंग आणि शूमाकर या डॉक्टरांनी या समजास धक्का दिला. जन्मजात रक्तविकारासाठी प्लीहा काढलेल्या पाच अर्भकांत पुढे तीव्र जंतुदोष उद्भवल्याची हकीकत त्यांनी प्रसिद्ध केली. त्यानंतर झालेल्या अभ्यासातून जे उमगले ते असे : काही जंतूंच्या अंगावर शर्करेचे गुळगुळीत कवच असते. त्यामुळे ते इतर पेशींच्या हाती सहसा लागत नाहीत. वाहत्या रक्तातून असे जंतू गाळून काढणे आणि त्यांच्याविरुद्ध त्वरेने प्रतिपिंडे निर्माण करणे, हे प्लीहेचे खास काम होय. न्यूमोकॉकस हा जंतू यांतील प्रमुख. मेनिंगोकॉकस आणि हीमोफिलस इन्फ्ल्युएंझा ‘बी’ हे त्याचे साथीदार. प्लीहा नसलेल्या मनुष्याच्या रक्तात ते शिरले की सकाळी साधी कणकण वाटणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी अत्यवस्थ होऊ शकतो. हा प्रसंग विरळा असतो. पण तो ओढवलाच तर जवळजवळ निम्मे रोगी दगावू शकतात. लहान मुलांना आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हा धोका अधिक. परंतु तो पुरता कधीच नाहीसा होत नाही.

या ज्ञानाचे पहिले फळ असे की, प्लीहा शक्य तेथे वाचवावी, असे शल्यचिकित्सकांना वाटू लागले. या बाबतीत एका भारतीयाचे नाव अभिमानाने घेतले पाहिजे. टोरोंटो येथील मुलांच्या रुग्णालयातील अनुभवावरून पी. उपाध्याय आणि त्यांचे सहकारी जे. एस. सिम्प्सन यांनी १९६८ साली असे दाखवून दिले की, मुलांच्या फाटलेल्या प्लीहेतील रक्तस्राव पुष्कळदा आपोआप थांबतो आणि नीट देखरेख ठेवल्यास शस्त्रक्रिया टाळता येते. तोवर फाटलेली प्लीहा काढणे हाच नियम होता. त्यानंतर असंख्य मुलांची प्लीहा जागच्या जागी राहिली.

आणि जेथे ती काढावीच लागते तेथे? गेलेले इंद्रिय परत येत नाही, परंतु त्याचे काम बऱ्याच अंशी दुसऱ्या मार्गाने साधता येते. वर सांगितलेल्या तिन्ही जंतूंवर लसी उपलब्ध आहेत. शस्त्रक्रिया ठरवून करावयाची असेल तर त्या निदान दोन आठवडे आधी द्याव्यात, कारण प्लीहा शाबूत असताना शरीर लसीचा धडा उत्तम गिरवते. अपघातात तातडीने शस्त्रक्रिया झाली असेल तर त्या दोन आठवड्यांनी द्याव्यात. मघाशी जी तात्पुरती दुर्बलता सांगितली ती ओसरल्यावर शरीर लसीस अधिक चांगला प्रतिसाद देते, हे त्याचे कारण. मात्र रोगी पुन्हा रुग्णालयात येईल अशी खात्री नसेल तर घरी पाठविण्यापूर्वीच लस द्यावी. उशिराने उत्तम मिळण्याची आशा धरण्यापेक्षा हाती आलेले बरे. काही लसींचा पुढील डोस काही वर्षांनी घ्यावा लागतो आणि इन्फ्ल्युएंझाची लस दरवर्षी. मुलांना काही वर्षे रोज पेनिसिलिन दिले जाते. मोठ्या माणसाने डॉक्टरांनी लिहून दिलेले जंतुनाशक औषध घरी ठेवावे. थंडी वाजून ताप येताच त्याचा पहिला डोस घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. हिवतापाच्या प्रदेशात जाण्यापूर्वी प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. कुत्रा चावला तर जखम किरकोळ मानू नये. आणि ‘मला प्लीहा नाही’ असे लिहिलेली चिठ्ठी सदैव खिशात बाळगावी. शस्त्रक्रिया न होताही हा धोका संभवतो, हे विदर्भातील व नंदुरबारकडील श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे; तिकडे आढळणाऱ्या सिकलसेल विकारात प्लीहा आपोआप आकसून निकामी होऊ शकते.

बंधुभगिनींनो, येथे शास्त्र संपते आणि आपले कर्तव्य सुरू होते. प्लीहा काढलेला मुलगा दहा-पंधरा वर्षांनी तरुण होतो, नोकरीनिमित्त परगावी जातो. शस्त्रक्रियेचे कागद जुन्या पेटीत राहतात. कधी कधी तर लग्नसंबंधात अडचण येईल म्हणून आईवडील ही गोष्ट मुद्दाम झाकून ठेवतात आणि खुद्द मुलालाही तिचे गांभीर्य सांगत नाहीत. मग एके रात्री ताप भरतो, शेजारी क्रोसीनची गोळी देतात, ‘सकाळी पाहू’ म्हणतात. आणि ती सकाळ फार उशिराची ठरू शकते. लपविण्याजोगे यात काहीही नाही. प्लीहा नसलेला मनुष्य संसार करू शकतो, कष्ट करू शकतो, दीर्घायुषी होऊ शकतो. अट एकच, त्याच्या भोवतालच्या माणसांना ते ठाऊक असले पाहिजे. वधूवर मेळावा भरविणाऱ्या आपल्या मंडळाने ही गोष्ट मोकळेपणाने सांगण्याचे वळण पाडले, तर त्यासारखे पुण्यकर्म नाही.

शेवटी कार्यकारी मंडळापुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो. एक, वैद्यकीय साहाय्यनिधीतून शस्त्रक्रियेच्या बिलास जशी मदत मिळते, तशीच शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्तक्षयाच्या उपचारास, नंतरच्या आहारास आणि विशेषतः प्लीहा काढलेल्यांच्या लसींस मिळावी. या लसी महाग असतात आणि बिल भागवून थकलेले कुटुंब नेमका हाच खर्च पुढे ढकलते. दोन, प्लीहा काढलेल्या ज्ञातिबांधवांस मंडळाने छापील ओळखचिठ्ठी द्यावी. तीन, महिला शाखेने शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराचे एक पान तयार करून घरोघर पोहोचवावे. चार, समाचारास जाण्याचे नियम मंडळाच्या नावाने छापावेत. म्हणजे न गेल्याबद्दल कोणी कोणास बोल लावणार नाही.

शल्यचिकित्सकाचे हात काही तासच रोग्याच्या शरीरावर असतात. त्यानंतरचे आठवडे, आणि काहींच्या बाबतीत सारी वर्षे, घराच्या स्वाधीन असतात. ते घर जाणते असावे, एवढ्याच हेतूने हे चार शब्द बोललो.